आमच्या सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?

सातरस्ता | १८ जानेवारी, रात्री १०:२०

माझी आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला ३८ वर्षं झाली. मधल्या काळात माहेरी येणं व्हायचं, पण मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. गड्ड्याची जत्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, काही तिच्या वाट्याला आली नाही. या वर्षी ती हट्टानं संक्रांतीला आली, सोबत सून आणि ११ वर्षांचा नातू. पाच दिवस मुक्काम.

फोन ठेवल्या ठेवल्या मी बेत ठरवला. एक दिवस तुळजापूर, एक दिवस अक्कलकोट, एक दिवस पंढरपूर, उरलेल्या वेळात गड्डा. सोलापुरातल्या कुठल्याही घरात पाहुणे आले की हेच ठरतं. गावात काय दाखवायचं हा प्रश्नच आपल्याला पडत नाही, कारण गावात काही नाही हे आपण धरूनच चालतो. माझा जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, नोकरी इथली, सासरही जुळे सोलापूरचं. आणि तरीही हे लिहावं लागतंय.

ते पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आले. स्टेशनवरून रिक्षात बसलो तर नातू विचारतो, "आत्या, गाडीचं नाव हुतात्मा का आहे?"

"आपल्या गावचे चार हुतात्मे होते ना, त्यांच्यावरून."

"चार कोण?"

मल्लप्पा धनशेट्टी आणि कुर्बान हुसेन, एवढी दोन नावं मला सांगता आली. पुढची दोन आजीनं सांगितली त्याला, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. रोज कामावर जाताना मी चार पुतळ्यांवरून जाते. वीस वर्षं जातेय. मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

आणि योग असा की दुसरा दिवस १२ जानेवारी. १९३१ साली याच तारखेला चौघांना येरवड्यात फाशी दिली. सकाळी आम्ही सगळे पुतळ्यांपाशी गेलो. हार पडले होते, शाळेची मुलं ओळीनं उभी होती. आत्यानं नातवाला कट्ट्यावर बसवून सगळं सांगितलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आणि त्यांनी हे त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. मे १९३० मध्ये गांधीजींना पकडल्याची बातमी आली आणि गिरणीकामगार रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला. मग दोन-तीन दिवस असे गेले की गावात इंग्रजांचं राज्यच नव्हतं, लोकच बंदोबस्त बघत होते. त्यानंतर लष्करी कायदा आला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणसाला धरत. या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवला. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी, चार घरचे चौघं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र काढायचे हे मला माहीतच नव्हतं.

नातवानं चारही पुतळ्यांसमोर उभं राहून नावं म्हणून दाखवली. मीही त्याच्यामागून म्हटली.

तुळजापूर, पंढरपूर सगळं रद्द झालं. पुढचं उद्या लिहिते, आज फार दमलेय.

---

लातूरची_लेक | १८ जानेवारी, रात्री ११:०५

लिहा लिहा. सोलापूर म्हणजे माझ्यासाठी फक्त गाडी बदलायचं स्टेशन. हुतात्मानं कितीतरी वेळा पुण्याला गेले, नावाचा विचार कधी मनात आला नाही.

---

कुंभारवेस | १९ जानेवारी, सकाळी ७:४५

ताई, छान लिहिलंय, पण एक सांगतो, राग मानू नका. पाहुण्यांना पाच दिवस ठेवलंत, पाणी कसं पुरवलंत? आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. घरी कोणी येणार म्हटलं की आम्ही आधी ड्रम मोजतो. उजनीचं धरण जिल्ह्यात, आणि शहर कोरडं. बघण्यासारखं भरपूर आहे हो, पण राहण्यासारखं कधी होणार?

---

सातरस्ता | १९ जानेवारी, दुपारी १:१५

कुंभारवेस, राग कशाला? खरंच आहे ते. माझी पहिली काळजीही तीच होती. शेजारच्या काकूंकडून दोन पिंपं आणून भरून ठेवली, वहिनींना लाजत लाजत सांगितलं की अंघोळ एका बादलीत करावी लागेल. आत्या म्हणाली, "अगं, मी इथं असताना आम्ही आडावरून आणायचो, मला नको सांगूस." पण तिच्या लहानपणाच्या आडावर आपण आज समाधान मानायचं का, हा राग माझाही आहे. यावर वेगळा धागा काढा, मी येते तिथं.

आता चादरीबद्दल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर.

आत्यानं बॅगेत एक जुनी चादर आणली होती, तिच्या रुखवतातली. गर्द लाल आणि पांढरी, मधे मोरांची नक्षी. इतकी वर्षं धुतलीय, पण अजून अंगावर घेतली की वजन जाणवतं. काठाला कारखान्याचं नाव विणलेलं होतं, त्यातलं 'सोला' एवढंच उरलंय, पुढचं झिजलं. तिला बघायचं होतं की ही कुठं विणली.

माझ्या कपाटात अशा सहा चादरी आहेत. लग्नात, वास्तुशांतीला, बदली होऊन जाणाऱ्या साहेबांना, सगळ्यांना आपण चादरच देतो. ती कुठल्या घरात, कुणाच्या हातून होते हे बघायला मी कधी पूर्व भागात गेले नव्हते. अशोक चौकाच्या पुढं माझं काही कामच पडलं नाही कधी.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं एका कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे काय, घराच्या मागची पत्र्याची शेड. आत सहा माग. बाहेर रस्त्यावर असतानाच खडखडाट ऐकू येतो, आत गेल्यावर बोलणं बंदच, खुणांनी चालतं. मालक सत्तरीचे. त्यांनी सगळे माग थांबवायला लावले. ती शांतता अंगावर आली.

त्यांनी चादर हातात घेतली. नाव वाचलं नाही, नक्षीही बघितली नाही. आधी काठ दोन बोटांत धरून चोळला, मग चादर उलटी केली, मग उजेडात धरली. म्हणाले, "माल चांगलाय. सूत पक्कंय. कारखाना बंद झाला तो, मी तिथंच शिकलो." आत्या खालीच बसली, तिथल्या सुताच्या गोणीवर.

आता ते टॉवेल काढतात. सहापैकी पाच मागांवर टॉवेलच. चादरीला पूर्वीची मागणी नाही, हलकी ब्लँकेटं स्वस्तात मिळतात. सहावा माग मात्र त्यांनी ठेवलाय जकार्डचा. त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या, माळेसारख्या लोंबत असतात. प्रत्येक पट्टीला भोकं. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून धोटा जातो. एक पट्टी म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक दोरा. एका मोराला किती पट्ट्या लागत असतील, विचार करा.

नातवानं विचारलं, एखादं भोक चुकलं तर? मालकांनी कोपऱ्यातून एक चादर काढून दाखवली. त्यातल्या प्रत्येक मोराची मान एकाच जागी तुटलेली. एका ठिकाणी चूक, आणि चादरभर सगळे मोर तसेच. ती चादर त्यांनी विकली नाही, टाकलीही नाही. घरात पांघरतात.

तासाभरात ते बायकोशी तेलुगूत बोलले, सुताची गोणी आणणाऱ्याशी कन्नडमध्ये, टेम्पोवाल्याशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत. कुठंही अडखळले नाहीत. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे हे नेहमीचंच का?" हो, नेहमीचंच. म्हणून तर कधी लक्ष गेलं नाही.

---

पूर्वभाग | १९ जानेवारी, रात्री ९:३०

मी त्याच भागातला. पद्मशाली, विणकर समाजातला. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले. तुमचं वाचताना आमच्या शेडचा वास आला, कांजीचा आणि तेलाचा.

थोडी भर घालतो. चादर दिसते, पण घर चालवण्यात बायकांचा वाटा किती ते दिसत नाही. आमच्या भागात घरोघरी बायका विड्या वळतात. माझ्या आजीनं वळल्या, आईनं वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि हात कधी थांबत नाही, बोलतानासुद्धा नाही. लहानपणी आम्हाला त्या आवाजानं झोप लागायची, पान कातरल्याचा बारीक आवाज. पाहुण्यांना कुंभारीला नेलं असतंत तर बरं झालं असतं. तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत आहे, २००६ साली घरं मिळाली. माझी मावशी तिथं राहते. स्वतःच्या नावाचं घर मिळालं तेव्हा तिनं पहिल्या दिवशी नुसती फरशी पुसली, तीन वेळा.

आणि नारळी पौर्णिमेला या. मार्कंडेयाचा रथ निघतो. तो बघितल्याशिवाय पूर्व भाग बघितला असं म्हणू नका.

---

नेत्रावती | १९ जानेवारी, रात्री १०:१०

पूर्वभाग, तीन वेळा फरशी पुसली हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

जुनाजाणता | २० जानेवारी, सकाळी ६:५०

किल्ल्यात गेलात की नाही? आमच्या गावातले लोक किल्ल्याकडे पाठ करून बागेत भेळ खातात. बहामनी काळातला भुईकोट आहे, १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरच्या लढायांतली एक इथं झाली. आत जमिनीत गाडलेलं जुनं देऊळ खणून काढलंय, त्याच्या खांबांवरचं काम बघून घ्या. तटावरून सिद्धेश्वराचं तळं आणि तळ्यातलं मंदिर एकाच नजरेत दिसतं. गाव कुठून सुरू झालं असेल ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

---

सातरस्ता | २० जानेवारी, रात्री ९:००

जुनाजाणता, गेलो होतो, १२ लाच संध्याकाळी. शाळेच्या सहलीनंतर मी पहिल्यांदाच गेले. तटावर उभं राहून आत्यानं बोट दाखवून सांगितलं, कुठल्या बाजूला कुठली गिरणी होती, कुठल्या भोंग्याला आजोबा उठायचे, कुठल्या भोंग्याला आजी भाकरी बांधायची. तिच्या लहानपणी घड्याळ कुणी बघत नसे. भोंगा झाला की निघायचं. नातू म्हणाला, आता आवाज का नाही? ती काही बोलली नाही. मीच सांगितलं की गिरण्या बंद झाल्या.

आता गड्डा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. लोकांना सोबत घेऊन त्यांनी तळं खोदलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली. एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. दर संक्रांतीला गाव तेच लग्न लावतं. सात नंदीध्वज निघतात, आपण त्यांना काठ्या म्हणतो. १३ तारखेला ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक, १४ ला अक्षता, १५ ला होम, १६ ला दारूकाम.

१३ ला आम्ही काठ्यांमागून निघालो. ६८ लिंगं काही पूर्ण झाली नाहीत, आत्याचे गुडघे दुखतात. पण एक लिंग आमच्या ऑफिसच्या मागच्या बोळात निघालं. त्याच्या शेजारी मी गाडी लावते. पावसाळ्यात त्याच्यावर पिशवी ठेवून रेनकोट काढलाय मी. त्या दिवशी हात जोडताना माझी मान वर होईना.

१४ ला सम्मती कट्ट्यापाशी, जिथं हे लग्न लागतं तिथं, पोचायला पहाटेच निघालो, तरी जागा तळ्याच्या काठाला मिळाली, कट्टा दिसेना. बाराबंदी घातलेली माणसंच माणसं, सगळं पांढरं. काठी उचलणारा माणूस जवळून बघितलात का कधी? सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर. मानेच्या शिरा ताणलेल्या, नजर वर टोकाकडे, आणि आजूबाजूचे त्याला हात न लावता हात पसरून उभे, पडलाच तर धरायला. हे लोक महिनाभर आधी रात्री जागून सराव करतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा त्यात आहे, मेडिकलच्या दुकानात कामाला असतो. मी त्याला रोज गोळ्यांची चिठ्ठी देते. त्या दिवशी त्याला ओळखलंच नाही.

मग लांबून लग्नाची सम्मती वाचल्याचा आवाज, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम', आणि लोकांनी जिथं उभे होते तिथूनच अक्षता टाकल्या. आम्हाला कट्टा दिसत नव्हता, नवरी दिसत नव्हती, तरी सगळे टाकत होते. आत्याच्या हातातल्या अक्षता तिनं एकदम टाकल्या नाहीत, चारदा टाकल्या. नंतर म्हणाली, आईच्या, वडिलांच्या, तिच्या गेलेल्या बहिणीच्या वाटणीच्या आणि एक तिची.

---

सोन्नलिगे | २१ जानेवारी, सकाळी १०:४०

मोठ्या मनानं लिहिलंय. सोळा गावांवरून सोलापूर असं नातवाला सांगितलं असेल तर सोबत हेही सांगा की सिद्धरामांच्या वचनांत या गावाचं नाव सोन्नलिगे असं येतं. वचनं कन्नडमध्ये आहेत. माझ्या आईला पाठ आहेत, मला फक्त चाल येते. हे गाव मराठी मुलखात असून त्याचा संत कन्नडमध्ये लिहितो आणि चादर तेलुगू माणूस विणतो, यात मला काही विचित्र वाटत नाही. बाहेरच्यांना समजावताना मात्र वेळ लागतो.

आणि १५ च्या रात्रीची वासराची भाकणूक? दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढं धान्य, गूळ, पान-सुपारी ठेवतात, ते कशाला तोंड लावतं त्यावरून वर्षाचा अंदाज. माझे सासरे अजून त्यावरून पेरणीचं बोलतात.

---

सातरस्ता | २१ जानेवारी, दुपारी २:००

सोळा गावंच सांगितली होती हो. आज फोन करून दुरुस्त करते.

भाकणूक बघितली, पण गर्दीत नातवाला खांद्यावर घ्यावं लागलं, त्यानंच वर्णन करून सांगितलं आम्हाला. तोवर तो गल्लीतल्या पोरांकडून "काय करलालास बे" शिकला होता. आता बडोद्याच्या शाळेत तेच बोलतोय म्हणे.

---

दूरदेशी | २१ जानेवारी, रात्री ११:५५

मी २२ वर्षं मस्कतला आहे. रेल्वे लाईन्सचा. माझ्या मुलांना मी सोलापूर दाखवतो म्हणजे आईचं घर आणि पार्कवरची डिस्को भजी. पुढच्या जानेवारीत येतोय. खायचं काय काय, तेवढं सांगा. मुलांना तिखट झेपत नाही.

---

सातरस्ता | २२ जानेवारी, सकाळी ८:१०

जानेवारीत येताय तर हुरडा पहिला. गावाबाहेर कुणाच्याही ओळखीचं शेत असतंच. कणसं आगटीत भाजून हातावर चोळून देतात, हात भाजतो, तसाच खायचा. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. मुलांना चटणी दह्यात कालवून द्या. चटणी उखळात कुटलेलीच घ्या, कुटून कुटून शेंगदाण्याला तेल सुटायला हवं. बोटांना तेल लागलं नाही तर ती मिक्सरची. कडक भाकरी घेऊन जा, पापडासारखी असते, महिनोन् महिने टिकते, मस्कतला सहज पोचेल. शेंगापोळी तर मुलांना आवडेलच.

---

माळरान | २२ जानेवारी, सकाळी ९:३०

नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, कुणी नाव घेतलं नाही म्हणून सांगतो. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट आहे, मी शेवटचा कधी पाहिला ते आठवावं लागेल. पण काळवीट दिसतात, आणि सकाळचं ते गवत बघायला तरी जा.

---

नेत्रावती | २२ जानेवारी, दुपारी ४:२०

डॉ. कोटणीसांचं स्मारक राहिलं की सगळ्यांकडून! भैय्या चौकात, त्यांच्या जन्मघरातच आहे.

---

सातरस्ता | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

नेत्रावती, तुमचं वाचून आत्या गेल्यानंतर मी रविवारी सासऱ्यांना घेऊन कोटणीस स्मारकात गेले. १९३८ मध्ये हा माणूस जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेला, तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि १९४२ च्या डिसेंबरात ३२ व्या वर्षी तिथंच गेला. चीनमधून लोक हे घर शोधत येतात. माझे सासरे निवृत्त शिक्षक, ७६ वर्षांचे. पन्नास वर्षं त्या चौकातून सायकलनं गेलेत, आत कधी आले नव्हते. एका फोटोसमोर बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी कुठं?" मी इंद्रभुवन सांगितलंय. महापालिकेची इमारत म्हणून रांगेत उभं राहायला गेलोय सगळे. आता वारदांनी बांधलेलं घर म्हणून बघायचंय.

दुसरी गोष्ट कारखान्याची.

---

पूर्वभाग | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

सांगा. मी तेच विचारणार होतो.

---

सातरस्ता | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

परवा मालकांचा फोन आला. आत्यानं निघताना त्यांना विचारलं होतं की तशी मोराची एक चादर करून द्याल का. ते म्हणाले होते, एका चादरीसाठी ताणा, म्हणजे उभे दोरे, लावणं परवडत नाही, बघू. मी विषय सोडून दिला होता.

तर त्यांनी माळ्यावरून मोराच्या जुन्या पट्ट्या काढल्या. काही उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या नव्या पुठ्ठ्यावर स्वतः पाडल्या. दुसऱ्या एका ऑर्डरचा ताणा लागलेला होता, त्याच्या शेवटी आत्याची चादर काढली. मी बघायला गेले. रंग तोच नाही, हा लाल जरा उजळ आहे. आणि मोराची मान पुन्हा त्याच जागी तुटतेय. त्यांना फार लागलं. म्हणाले, चार दिवस द्या, कुठली पट्टी आहे ती सापडेल, दुसरी काढून देतो.

मी तिथूनच आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिनं चादर जवळ धरायला सांगितली, मग अजून जवळ. मग मालकांना म्हणाली, "अण्णा, हीच पाठवा. दुसरी काढू नका."

काल पार्सल केलं. साडेतीनशे रुपये लागले, वजन होतं.